युद्ध, बोर्डिंग आणि बटाटे सोलायची ड्यूटी

रानजाई (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहूनच काढते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी काही वर्षं एका आश्रमशाळेत शिकवायला होते. त्यामुळे निवासी शाळा म्हटलं की मला वर्ग नाही आठवत, कोठीची खोली आठवते. तांदूळ किती उरलाय, तापानं फणफणलेल्या पोराजवळ रात्री कोण बसणार, दिवाळीला ज्यांना न्यायला कुणीच येत नाही त्यांचं काय करायचं. म्हणून कुठल्याही शाळेचा इतिहास हातात आला की मी आधी शोधते की स्वयंपाक कोण करत होतं. आणि हे शोधता शोधता मला बन्स कोर्ट नावाची शाळा सापडली.

इंग्लंडात केंट परगण्यात फॅव्हरशॅमजवळ ऑटरडेन म्हणून एक खेडं आहे, तिथल्या एका जुन्या वाड्यात ही शाळा भरायची. पण शाळा मूळची जर्मनीची. आना एसिंगर नावाच्या बाई, जन्म १८७९, उल्म शहरातल्या ज्यू कुटुंबातल्या, नऊ भावंडांत थोरल्या. विशीत अमेरिकेला गेल्या, तिथं शिकल्या, क्वेकर ह्या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या संपर्कात आल्या आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनीतल्या उपाशी शाळकरी पोरांना जेवण द्यायच्या क्वेकरांच्या कामासाठी १९१९ला परत आल्या. म्हणजे बघा, शिक्षणाच्या कामाची सुरुवातच पोरांच्या जेवणापासून. १९२६ला बहिणींना सोबत घेऊन उल्मजवळच्या हेर्लिंगेन गावात त्यांनी निवासी शाळा काढली, पहिल्या दिवशी १८ मुलं. मारझोड नाही, मुलं-मुली एकत्र, आणि कामं सगळ्यांनी वाटून करायची.

१९३३ला हिटलर आला. एप्रिलमध्ये हुकूम निघाला की नाझींचा झेंडा इमारतीवर लावायचा. बाईंनी काय केलं, झेंडा लावू दिला आणि त्या दिवशी अख्खी शाळा सहलीला घेऊन गेल्या. झेंडा रिकाम्या इमारतीवर फडकत बसला. मला हा किस्सा प्रचंड आवडतो कारण ह्यात भाषण नाही, घोषणा नाही, फक्त सहलीचं नियोजन आहे, आणि ते कुठलीही शिक्षिका झोपेतसुद्धा करू शकते.

पण त्यांनी तेव्हाच ओळखलं की इथं आता राहता येणार नाही. हे १९३३चं सांगतेय, भलेभले लोक "होईल सगळं शांत" म्हणत होते तेव्हाचं. त्यांनी इंग्लंडात जागा शोधली, पालकांना गुपचूप विचारलं, आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये ६५ मुलं वेगवेगळ्या गटांत, वेगवेगळ्या मार्गांनी देशाबाहेर काढली. कुणाला संशय नको म्हणून पालकांना सांगितलं होतं की स्टेशनवर रडारड करायची नाही, पोरं सहलीला निघाल्यासारखं हसून निरोप द्यायचा. डोव्हरला बोटीतून उतरल्यावर तांबड्या बसगाड्या उभ्या होत्या, त्यात बसून ऑटरडेन. आणि दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू. दुसऱ्या दिवशी! आमच्याकडे दिवाळीची सुट्टी संपल्यावर घडी बसायला आठवडा जायचा.

आता कोठीबद्दल. पैसे नव्हते. नोकर ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून स्वयंपाकघर आणि बागेत एखाददुसरा जाणकार माणूस सोडला तर बाकी सगळं पोरं आणि मास्तर मिळून. सकाळी अभ्यास, दुपारी काम. भाजीपाला लावायचा, कोंबड्या, डुकरं, मधमाश्या सांभाळायच्या, फरशा पुसायच्या, बटाटे सोलायचे. टेलिफोनची तारसुद्धा पोरांनीच टाकली. उघड्यावरचं नाटकाचं थिएटर पोरांनी खणून बांधलं. सरकारी तपासनीस आले तेव्हा इतक्या तुटपुंज्या साधनांत हे कसं चालतं ह्याचं त्यांना नवल वाटलं आणि शिक्षकांच्या उत्साहाचं त्यांनी कौतुक केलं. बाईंना सगळे टांटे आना म्हणायचे, म्हणजे आना मावशीच, आणि त्याचं पुढं नुसतं "टी.ए." झालं. जाड भिंगांचा चष्मा, नजर अधू, आणि दरारा असा की लांबून सावली दिसली तरी पोरं सरळ उभी राहायची.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं जाळली गेली. मग ब्रिटननं मुलांना आत घ्यायचं कबूल केलं, फक्त मुलांना, आईबापांना नाही. २ डिसेंबर १९३८ला हार्विच बंदरात पहिली तुकडी उतरली आणि युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुलं अशी आली. त्यांना आधी डोव्हरकोर्टला, समुद्रकाठच्या उन्हाळी सुट्टीच्या कॅम्पात ठेवलं. उन्हाळी कॅम्प, आणि महिना डिसेंबर, खोल्या गरम करायची सोय नाही, पोरं हातमोजे आणि कोट घालून जेवायला बसायची. ही छावणी लावून द्यायला एसिंगरबाई आणि त्यांचे शिक्षक गेले होते. आणि तिथं एक प्रकार व्हायचा तो वाचून माझ्या पोटात कालवलं. मुलांना घरी नेऊ इच्छिणारी इंग्रज कुटुंबं जेवणाच्या वेळी यायची आणि टेबलांमधून फिरत पोरं बघायची. गोरीगोमटी लहान मुलगी लगेच जायची. पंधरा वर्षांचा, चष्मेवाला, मिसरूड फुटलेला मुलगा रोज तसाच बसलेला. पोरंच त्याला गुरांचा बाजार म्हणायची. बाईंना हे बिलकुल पटत नव्हतं. त्यांनी आपल्या शाळेत मावतील तेवढी मुलं नेली.

मग खरं युद्ध. सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट, जानेवारी १९४० पासून रेशन, आधी लोणी, साखर, बेकन. केंट म्हणजे फ्रान्सच्या अगदी समोर. मे १९४० मध्ये सरकारनं किनाऱ्याकडच्या भागातले १६ ते ६० वयाचे जर्मन पुरुष उचलायला सुरुवात केली. म्हणजे हिटलरपासून पळून आलेले मास्तर आणि सोळा वर्षांवरची पोरं "शत्रूराष्ट्राचे नागरिक" म्हणून कैदेत! शाळेतले पुरुष शिक्षक एका फटक्यात गायब. पाठोपाठ लष्कराला तो वाडाच पाहिजे झाला आणि शाळेला थोड्या दिवसांत जागा खाली करायला सांगितलं. साठी उलटलेली, धड दिसत नसलेली बाई, निम्मा स्टाफ नाही, शेकड्यानं पोरं, आणि महिना संपायच्या आत नवी इमारत शोधायची. ती मिळाली श्रॉपशायरमध्ये वेम गावाजवळ, ट्रेंच हॉल. लहान जागा, तबेल्यात झोपायची सोय केली. आणि तिथं सगळं युद्ध काढलं.

त्या वर्षांत काय नाट्यमय घडलं? जवळजवळ काहीच नाही, आणि मला हेच सांगायचंय. बटाटे सोलले. फ्रेंचची क्रियापदं पाठ केली. नाटकं बसवली. ज्यांची घरं जळत होती, ज्यांच्या आईबापांना गाड्यांत कोंबून नेत होते, त्या पोरांच्या दिवसाला सकाळ, दुपार, संध्याकाळ होती आणि भिंतीवर कुणाची कसली पाळी त्याचा कागद होता. आईबापांची खबर म्हणजे रेडक्रॉसचा फॉर्म, त्यावर जास्तीत जास्त २५ शब्द. २५ शब्दांत आई काय लिहील सांगा. तेही एकेकाचे यायचे बंद झाले. पण पत्र नाही आलं म्हणून कोंबड्यांना दाणे टाकायची पाळी चुकत नव्हती. माझ्या मते त्या शाळेनं मुलांना सगळ्यात मोठं काही दिलं असेल तर ती पाळी. प्रेम वगैरे नंतर.

तुम्हाला काय वाटतं? आणि युद्धकाळातल्या वसतिगृहांच्या, बोर्डिंगच्या आठवणी कुणाच्या घरात असतील तर इथं लिहा प्लीज.

---

कट्ट्यावरची माऊ

वाचून सुन्न झाले. ते २५ शब्दांचं... मी मनातल्या मनात लेकीला लिहून बघितलं, निम्मे शब्द स्वेटर घाल, जेवलीस का, ह्यातच गेले.

---

सरळसोट

लेख छान आहे पण थोडं विरजण घालतो. पोरांकडून तारा टाकून घेतल्या, थिएटर खणून घेतलं, डुकरं पाळून घेतली, हेच आज एखाद्या संस्थेनं केलं तर आपण बातमीखाली "बालमजुरी" म्हणून शंभर कॉमेंटी टाकू. दुसरं, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी नेहमी गोडच असतात कारण ज्यांना तिथं कोंडल्यासारखं झालं ते आठवणी लिहायच्या भानगडीत पडत नाहीत. आणि "प्रेम वगैरे नंतर" हे वाक्य मला खटकलं, सात वर्षांच्या पोराला प्रेम आधी लागतं, पाळी नंतर.

---

रानजाई

@सरळसोट, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. जे गप्प राहिले त्यांचं आपल्याला कळणार नाही.

पहिल्याबद्दल, मी बालमजुरी जवळून बघितलीय. जिथं पोरं गुरुजींच्या क्वार्टरसमोरचं अंगण झाडतात आणि गुरुजी खुर्चीत पेपर वाचतात ती बालमजुरी. जिथं गुरुजी शेजारी बसून तेच बटाटे सोलतात आणि सोललेलं सगळ्यांच्याच ताटात येतं त्याला मी घर म्हणते. बन्स कोर्टला दुसरा प्रकार होता.

प्रेमाचं म्हणाल तर बाई स्वतः कुशीत घेणाऱ्यातल्या नव्हत्याच. पण स्वयंपाकघर होतं ना. स्वयंपाकीणबाई हाइट, पोरं लाडानं हाइट्शे म्हणायची, ज्याला करमत नाही ते पोर त्यांच्या भोवती घुटमळायचं. आश्रमशाळेतसुद्धा रडणारं पोर रेक्टरकडे जात नाही हो, कामाठी मावशींकडे जातं.

---

नाटकवेडा

ह्या शाळेबद्दल थोडं वाचलंय, माझ्या आवडीची गोष्ट म्हणजे बॉयलरवाला! विल्हेल्म मार्कवाल्ड म्हणून जर्मनीतले मुरलेले नाट्यदिग्दर्शक होते, निर्वासित होऊन आले आणि शाळेत बॉयलरमध्ये कोळसा घालायचं काम करायचे. हात धुतले की संध्याकाळी पोरांची नाटकं बसवायची. म्हणजे त्या खेड्यातल्या पोरांना जी तालीम मिळत होती ती लंडनच्या पैसेवाल्या शाळांना पैसे टाकून मिळाली नसती. निर्वासितांना बाहेर त्यांच्या लायकीची कामं मिळत नव्हती म्हणून शाळेला असे एकेक लोक फुकटच्या भावात मिळाले, हे वाईटच, पण पोरांची चंगळ झाली. गणिताला आडोल्फ प्राग होते ते गणिताच्या इतिहासातले जाणकार.

आमच्या गावच्या शाळेत मात्र उलटं, दिग्दर्शन शिपाई करायचे आणि गॅदरिंगला सत्कार मुख्याध्यापकांचा.

---

पंचगंगाकाठ

रानजाईताई, आता आमच्या कोल्हापूरची हद्द आली म्हणून लिहितो.

गांधीनगरला कापड खरेदीला न गेलेला माणूस कोल्हापुरात सापडायचा नाही. लग्नाचा बस्ता म्हटलं की गांधीनगर. पण त्या जागेवर आधी काय होतं हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नसतं. तिथं वळिवडेचा पोलंड कॅम्प होता, १९४३ ते १९४८. रशियानं पोलंडच्या पूर्व भागातनं लोकं उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडं नेली होती, १९४१ला हिटलर रशियावर उलटला तवा स्टालिननं त्यांना सोडलं, मग ती लोकं इराणमार्गे जगभर पांगली. त्यातली सुमारे पाच हजार माणसं कोल्हापूर संस्थानात आली, बहुतेक बायका आणि पोरंच, कारण बाप्ये एकतर फौजेत नाहीतर गेलेले.

आता शाळेचा विषय आहे म्हणून सांगतो, त्या कॅम्पात शाळा होत्या, प्राथमिक, माध्यमिक, हातकामाच्या, स्काउट होते, चर्च होतं, अनाथ पोरांचं वसतिगृह होतं. पोलिश भाषेत सगळं शिक्षण, कारण सगळ्यांना वाटत होतं युद्ध संपलं की परत पोलंडला जायचंय. तब्येतीनं नाजूक पोरांना पाचगणीला पाठवायचे. माझी आजी वळिवडेच्या शेजारच्या गावची, ती सांगायची की पोलंडच्या बायका बाजाराला यायच्या आणि हातवारे करून भाव करायच्या, पण मराठी अंक लवकर शिकल्या, आणि बायका भाव करताना भारी चिवट. आजीला त्या बायकांच्या डोक्याला बांधायच्या रुमालाचं लई कौतुक होतं.

युद्ध संपलं तरी बहुतेकांना परत जाता आलं नाही, कारण त्यांची गावं ज्या भागात होती तो भागच रशियाकडं गेला. मग कोण इंग्लंडला, कोण ऑस्ट्रेलियाला, कोण कुठं. आणि रिकाम्या झालेल्या त्या बराकीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. २०१९ साली वळिवड्यात स्मृतिस्तंभ झाला, तवा म्हाताऱ्या झालेल्या त्या पोरी-पोरं पोलंडवरनं आलेली. वॉर्सामध्ये पण कोल्हापूरच्या नावाचं स्मारक हाय, २०२४ला पंतप्रधान तिथं गेले तवा टीव्हीवर दाखवलं.

---

कट्ट्यावरची माऊ

काय सांगता! माझ्या लग्नाचा बस्ता गांधीनगरचा आहे. कुणी अक्षर बोललं नाही ह्याबद्दल.

---

खाडीपलीकडचा

पंचगंगाकाठ, भारी प्रतिसाद. त्याच्या आधीची पायरी बालाचडीची. जामनगरजवळ समुद्रकिनारी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी १९४२ मध्ये पोलिश अनाथ मुलांसाठी आपल्या उन्हाळी वाड्याजवळ कॅम्प उभारला. मुलं त्यांना बापू म्हणायची. नोकरीनिमित्त जामनगरला होतो तेव्हा तिथं गेलो होतो, आता त्या जागेवर सैनिक स्कूल आहे, म्हणजे परत निवासी शाळाच.

तिथला एक किस्सा माजी मुलं हसून सांगायची. कॅम्पात पालक सारखा मिळायचा. पोरांनी संप केला, खाणार नाही म्हणजे नाही. प्रकरण थेट जामसाहेबांपर्यंत गेलं आणि त्यांनी स्वयंपाक्यांना सांगितलं की पालक बंद करा. सैबेरियात पाव न मिळालेली पोरं पालकावर रुसतात म्हणजे ती पुन्हा मुलं झाली ह्याचा ह्याहून मोठा पुरावा नाही. १९४६ला तो कॅम्प बंद झाला आणि उरलेली बरीचशी मुलं वळिवड्याला पाठवली.

---

सरळसोट

पालकाचा किस्सा फर्मास. एसिंगरबाईंनी पालक बंद केला नसता, पैज.

---

रानजाई

नसताच केला. लावायची पाळी त्यांच्याच पोरांची होती ना!

---

मायक्रोस्कोप

ह्या शाळेचं नाव मला वेगळ्याच वाटेनं माहीत. लेस्ली ब्रेंट. मूळ नाव लोथार बारुख, जन्म १९२५. २ डिसेंबर १९३८च्या त्या पहिल्या तुकडीतला मुलगा, डोव्हरकोर्टवरून बन्स कोर्टला आला. आईवडील आणि बहीण तिकडंच राहिले आणि मारले गेले. पुढं ब्रिटिश सैन्यात गेला, तिथंच नाव बदललं, आणि युद्धानंतर प्राणिशास्त्र शिकून पीटर मेडावर आणि रुपर्ट बिलिंगहॅम ह्यांच्यासोबत काम केलं.

१९५३ला ह्या तिघांनी दाखवलं की उंदराच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या तर मोठेपणी तो उंदीर त्या दुसऱ्या जातीची कातडी नाकारत नाही. म्हणजे "आपलं" आणि "परकं" हे शरीर काही प्रमाणात शिकतं. अवयव प्रत्यारोपण शक्य होईल ह्या आशेला तिथून शास्त्रीय आधार मिळाला. मेडावरना १९६०चं नोबेल मिळालं, त्यांनी बक्षिसाच्या रकमेतला वाटा ह्या दोघांना दिला. ब्रेंट डिसेंबर २०१९ मध्ये गेले. देशानं परका ठरवलेला पोरगा आयुष्यभर ह्याच प्रश्नावर प्रयोग करत बसला. ह्याच्यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच बघा.

---

जुनी पेटी

चित्रकलेचं कुणीच बोललं नाही म्हणून. फ्रँक आउअरबाख, विसाव्या शतकातल्या मोठ्या ब्रिटिश चित्रकारांपैकी एक, २०२४च्या नोव्हेंबरात गेले. तेही बन्स कोर्टचेच. १९३९ला बर्लिनहून आले तेव्हा आठ वर्षं पण पूर्ण नव्हती. आईनं बॅग भरून दिली त्यात आत्ता घालायचे कपडे वेगळे आणि मोठेपणी लागतील अशा चादरी, टेबलक्लॉथ वेगळे, आणि त्या मोठेपणीच्या वस्तूंच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं खूण शिवलेली. म्हणजे त्या बाईला कळून चुकलं होतं की आपण भेटणार नाही. १९४३ला पत्रं थांबली. आईवडील दोघंही ऑशविट्झच्या छळछावणीत मारले गेले.

शाळेत असताना त्यांना चित्राइतकंच नाटकाचंही वेड होतं, नंतर लंडनला किरकोळ भूमिका पण केल्या. @नाटकवेडा, तुमच्या बॉयलरवाल्याची कमाल असेल.

---

कृष्णाकाठचा

लेख वाचताना मला राहून राहून कर्मवीर भाऊराव पाटील आठवले. साताऱ्याचं शाहू बोर्डिंग १९२४चं, म्हणजे एसिंगरबाईंच्या शाळेच्या दोन वर्षं आधीचं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, आणि कमवा आणि शिका. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. इथं पण कोठीच मुख्य बघा.

---

सरळसोट

आलंच! प्रत्येक धाग्यावर "हे आमच्याकडं आधीच होतं" आलंच पाहिजे का?

---

कृष्णाकाठचा

अहो आधी-नंतरचा हिशोब नाही मांडला. दोन माणसं, एकमेकांचं नाव ऐकलेलं नसताना, पैसे नाहीत म्हणून एकाच उपायाला पोचली, एवढंच म्हणतोय. चिडता कशाला.

---

गोधडी

माझे वडील १९७१ला खेड्यातल्या एका बोर्डिंगात नववीला होते. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ला संपलं सुद्धा, पण त्यांच्या बोलण्यात ते तेरा-चौदा दिवस अजून संपलेले नाहीत! काचांना ब्राऊन पेपर चिकटवला, कंदिलाच्या काचेला वरून काळं फासलं, रात्री जेवण लवकर. गावावरून विमान कधी गेलं नाही, जाणार पण नव्हतं, तरी पोरांनी मैदानाच्या कडेला चर खणले, आणि वडील म्हणतात खणायला एवढी मजा आली की पीटीच्या सरांना थांबवावं लागलं. रेक्टरांकडं एकच ट्रान्झिस्टर, संध्याकाळच्या बातम्यांना सगळं बोर्डिंग त्यांच्या खोलीच्या दारात. एका मुलाचा थोरला भाऊ फौजेत होता, त्याला त्या दिवसांत कुणी ड्यूटी लावायची नाही असं पोरांनी आपापसात ठरवलं. तर तो भांडला, म्हणाला माझी पाण्याची पाळी मला द्या, नुसतं बसलो की वाईट विचार येतात.

ताई, तुमचा "पाळी"वाला मुद्दा मला ह्या गोष्टीमुळे पटला. भाऊ सुखरूप आला, पुढं दोघं मिळून किराणा दुकान चालवायचे.

---

रानजाई

@गोधडी, वडिलांना माझा नमस्कार सांगा. अख्ख्या लेखात मी जे सांगायची धडपड केली ते त्या मुलानं एका वाक्यात सांगितलं.

---

घारू अण्णा

चीनमधलं एक उदाहरण भर म्हणून. चेफू इथं मिशनऱ्यांच्या मुलांची इंग्रजी बोर्डिंग शाळा होती. जपान्यांनी अख्खी शाळा, मास्तरांसकट, कैदेत टाकली आणि १९४३ला वेइशिएनच्या छावणीत नेली. तिथं १७ ऑगस्ट १९४५ला सुटका होईपर्यंत मास्तरणींनी शाळा बंद पडू दिली नाही. दूध नाही, हाडं ठिसूळ होतील म्हणून अंड्यांची टरफलं कुटून त्याची पूड चमच्यानं पोरांना चारायचे. डबड्यातून जेवत असलो तरी ताठ बसून, तोंड बंद ठेवूनच जेवायचं हा नियम. ऑलिंपिक धावपटू एरिक लिडेल तिथंच मुलांना खेळ आणि विज्ञान शिकवायचे, फेब्रुवारी १९४५ मध्ये छावणीतच वारले.

टरफलाची पूड वाळूसारखी लागायची म्हणे.

---

सरळसोट

हे मात्र वाचून गप्प झालो. एक विचारायचं होतं, बन्स कोर्टच्या ज्या मास्तरांना कैदेत नेलं त्यांचं काय झालं? आणि शाळेचं पुढं?

---

रानजाई

कैदेतल्यांपैकी बऱ्याच निर्वासितांना आयल ऑफ मॅनवर ठेवलं होतं, काहींना बोटीत घालून थेट कॅनडा, ऑस्ट्रेलियाला पाठवलं. ब्रिटिश संसदेतच आरडाओरडा झाला आणि मग हळूहळू लोक सुटू लागले. त्यांना ऑस्ट्रेलियाला नेणाऱ्या "डुनेरा" जहाजाची कथा तर इतकी संतापजनक आहे की तिच्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

शाळा १९४६ला केंटच्या वाड्यात परतली. आणि सगळ्यात अवघड मुलं तेव्हा आली. छळछावण्यांतून, जंगलातून लपून वाचलेली पोलंडची पोरं, काहींना टेबलावर बसून जेवायची सवय राहिलेली नव्हती, पाव खिशात आणि उशीखाली लपवायची. मास्तरांनी लपवू दिला. त्यातलाच एक, सॅम्युएल ऑलिनर, पुढं अमेरिकेत समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि आयुष्यभर एकाच गोष्टीचा अभ्यास केला, की ज्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवलं ती साधी माणसं तशी का वागली. त्याला स्वतःला एका पोलिश शेतकरी बाईनं वाचवलं होतं.

गंमत म्हणजे इंग्लंडात पावावर रेशन युद्ध चालू असताना नव्हतं, ते लागलं १९४६ला. म्हणजे ही पोरं आली आणि पाव मोजून मिळायला लागला.

१९४८ला शाळा बंद केली. बाई सत्तरीला टेकल्या होत्या, डोळे जवळजवळ गेले होते, आणि चालवायला दुसरं कुणी त्या पद्धतीचं मिळेना. सगळी मिळून ९०० च्या आसपास मुलं तिथं शिकून गेली. बाई १९६०ला वारल्या. माजी विद्यार्थी पुढं कितीतरी वर्षं जमायचे, आणि शाळा चालू होती तेव्हा सुट्टीला सुद्धा तिथंच यायचे, कारण दुसरीकडं जायला घरच नव्हतं.

---

पंचगंगाकाठ

डुनेराचा धागा काढाच. आणि कुणाला वळिवडे बघायचं असेल तर कोल्हापूरला आला की सांगा, स्तंभ दाखवतो. शनिवारी नको, गांधीनगरात गर्दी फार असते, गाडी लावायला जागा मिळत नाही.

---

कट्ट्यावरची माऊ

मी येणार, आणि बस्त्याचं दुकान पण दाखवते, अजून चालू आहे.